मावशी लिफ्टने येत नाही

२४ डिसेंबर, मंगळवार

आलो एकदाचे! बाळकुमचा हा भाड्याचा फ्लॅट फोटोत होता त्याहून झकास निघाला. चौदावा मजला, गॅलरीतून खाडी, स्वयंपाकघरात मिक्सरपासून किसणीपर्यंत सगळं. हॉटेलात पाच दिवस कोंडून घेण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, असं राकेश दहादा म्हणाला. बंगळुरूहून निघताना जीव कावला होता, तो आत्ता थाऱ्यावर आला.

एकच खुपतंय. इथून तासाभरावर, ठाकुर्लीत मायामावशी राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, चाळीतल्या एका खोलीत, एका गोधडीत. पाय पसरता येत नाहीत म्हणून मी कुरकुरले की ती भिंतीला चिकटायची आणि म्हणायची, मी सरकते गं, होते जागा. दर खेपेला आम्ही तिच्याकडेच उतरतो. यंदा मी तिला थाप मारली, की सुट्टी मिळत नाही. राकेशची कधीच तक्रार नव्हती. चाळीच्या संडासापुढे बादली घेऊन उभं राहायची लाज मलाच वाटायला लागलीय. तिने एवढंच विचारलं, मग सुकटीची चटणी कोणाबरोबर पाठवू.

२५ डिसेंबर, बुधवार

राकेश खाली मनसोक्त पोहून आला, मी बारापर्यंत लोळले. दुपारी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. घेतला नाही. मागची भिंत बघून तिने लगेच ओळखलं असतं, आमच्या बंगळुरूच्या घराचा कोपरा न् कोपरा तिला ठाऊक आहे. संध्याकाळी परत आला, तेव्हा फोन उशीखाली ढकलला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! घरी पोचल्यावर तिच्याशी निवांत बोलेन.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दहापासून मावशीचे फोन, एकामागून एक. शेवटी आवाज बंद करून फोन पालथा घातला.

चारच्या सुमारास वॉचमन सहदेवने इंटरकॉमवर कळवलं, की गेटवर एक म्हातारी आलीय. हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. फ्लॅट नंबर सांगता येत नाही, पण दर्शू इथेच उतरलीय म्हणते. दर्शू मला जगात एकच माणूस म्हणतं. हिला पत्ता कोणी दिला, आता तोंड कसं दाखवू, या गडबडीत मी बोलून गेले, की मी ओळखत नाही, परत पाठवा.

गॅलरीतून पाहिलं. गेटबाहेर उन्हात उभी होती, वर बघत. मी पडद्यामागे सरकले. राकेशला सांगायचं धाडस झालं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मावशी गेली.

शेजारच्या रंगूबाईंनी सकाळी स्वतःच्या फोनवरून कळवलं. काल पहाटे, झोपेतच. दहाला त्यांनी दार ढकललं तेव्हा अंग गार पडलेलं. तेव्हापासून त्या मावशीच्याच फोनवरून मला लावत होत्या.

काल पहाटे. मग चार वाजता गेटवर—

रंगूबाई म्हणाल्या, अगं पोरी, बर्फावर ठेवलीय तुझ्यासाठी, कधी पोचतेस? रिक्षाने तासाभराचं अंतर. आणि मी म्हणाले, विमान परवाचं मिळतंय, थांबू नका. तासाभरात बंगळुरूहून कशी उगवले, हे चाळीला काय सांगणार होते? राकेश म्हणाला, निघ, लोक म्हणू देत काय म्हणायचं ते. मी बाथरूमची कडी लावून बसले.

तीनला बुद्धवंदना झाली, मग तिला नेलं. मी इथे खाडीकडे बघत होते. इतकी नीच मी कधी झाले?

२८ डिसेंबर, शनिवार

सहदेव राकेशला म्हणाला, ती म्हातारी काल संध्याकाळी पुन्हा आली. दया येऊन आत सोडली. लिफ्ट दाखवली तर नको म्हणाली, जिन्याने गेली.

मावशी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. माझ्या लग्नाचा हॉल चौथ्या मजल्यावर होता, बसत-उठत चढली होती.

दुपारी झाडूवाली म्हणाली, पाचव्या मजल्याच्या पायरीवर एक आजी बसलीय, गुडघे चोळत. हटकलं तर म्हणाली, जाते सावकाश, पोरीला सुट्टी मिळालीय.

राकेश सगळा जिना उतरून आला. कोणी नाही. सुकटीचा वास तेवढा येतोय म्हणाला.

संध्याकाळी तो वास दाराशी— नाही. अजून खालीच. अकराव्यावर असेल.

२९ डिसेंबर, रविवार, सकाळ

ठाकुर्लीला निघतोय. आजच्या विमानाने आलेली मी! राकेश बॅगा घेऊन लिफ्टने खाली गेला. मी कुलूप लावून येते म्हणाले.

दार उघडलं तर जिन्यात— लावून घेतलं. दाराला पाठ टेकून बसलेय.

चपला घासत येतायत. तेरावा. थांबल्या. दम खातेय ती.

राकेश फोन उचलत नाही.

आली. बेल वाजवत नाही. कडी वाजवतेय, हळूच, आमच्या खोलीची वाजायची तशी. या दाराला कडी नाही.

ओळखत नाही म्हणाले मी, मावशी, माफ कर, मी—

रागावलेली नाही. म्हणतेय, दमलीस ना दर्शू, चल घरी. तुला अडचण व्हायची ना, आता होते जागा. मी सरकलेय—

आवाज दाराबाहेरून नाही.

दार बंदच आहे. समोर भिंतीला चिकटून तिने गोधडीचं टोक उचल—