अनवाणी अकरा

शुक्रवार, १० जानेवारी

खोटं बोलले. चारचौघांत, चढ्या आवाजात.

कुवेतच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची बैठक होती. मीना अब्दुल्ला रिफायनरीतला वेल्डर शत्रुघ्न त्याच्या पणजोबांवर लेख घेऊन आला. सोबत फोटो – परळच्या रेल्वे वर्कशॉपचा फुटबॉल संघ, १८९८. अकरा जण, सगळे अनवाणी. मधला रामनाक. गोऱ्यांच्या बुटांपुढे तसाच खेळायचा. पलटणीत महारांची भरती तेव्हा बंद होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, मग उघडली. चाळिशीला टेकलेल्या रामनाकने वय चोरून नाव घातलं. बसऱ्याला गेला, परतला नाही.

सगळे मन लावून ऐकत होते. तो माझ्याकडे वळला. "ताई, हे आपले पणजोबा. तुमचे आजोबा नि माझे आजोबा सख्खे भाऊ."

मंडळाची सेक्रेटरी विनिता माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आमच्यात असं कोणी नव्हतं."

आमच्यात!

त्याने फोटो पाकिटात घातला, लेखही उचलला. "चुकलं असेल, मॅडम."

शनिवार, ११ जानेवारी

तो फोटो मी लहानपणी पाहिलाय. दापोलीच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी. कॉलेजला निघाले तेव्हा बाबांनी बजावलं होतं – आडनाव पुरे, जात सांगत बसू नकोस. ऐकलं. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये, इथेही कोणाला सांगितली नाही. इथल्या जाब्रिया भागात लॅब चालवते. रिपोर्टमध्ये एक आकडा मनाने लिहिला म्हणून एकाला नोकरीवरून काढलंय मी.

बाबांवर ढकलणं सोपं. ते जाऊन वर्ष झालं. काल त्या खोलीत ते नव्हते, मी होते.

मंगळवार, १४ जानेवारी

विनिताने तिळगूळ दिला. वर म्हणाली, "बरं झालं, स्पष्ट बोललात. हे लोक उगाच नाती जोडत येतात."

वडी तोंडात घातली. मान डोलावली. दुसरं खोटं.

शुक्रवार, १७ जानेवारी

कामगारांच्या वस्तीत, अब्बासियाला गेले. एका खोलीत सहा जण. शत्रुघ्नने खुर्ची पुसून दिली, चहा केला. माफीची वाक्यं गाडीत घोकली होती. एवढंच म्हणाले – लेख छापायचाय. खाली तुझ्या नावाशेजारी माझं घालते. पणती म्हणून.

त्याने कप खाली ठेवला. मग लेख आणि फोटोचं पाकीट दिलं. जपून न्या म्हणाला. निघताना पुन्हा 'मॅडम'च.

शनिवार, १८ जानेवारी

स्कॅन करायला फोटो पाकिटातून काढला. मागे बाबांचं अक्षर, थरथरतं –

"शत्रुघ्न, हा कुवेतला माझ्या ताराला दे. लपवायला मीच शिकवलं. आता सांगायला तोंड नाही. तू सांग."

बैठकीत मी नाकारलं, तरी सगळ्यांसमोर त्याने फोटो उलटा केला नाही.