सातवा रकाना

३ नोव्हेंबर, कंधार
आले बाई एकदाची! निलंग्याहून एसट्या बदलून बदलून कंबर मोडली, पण नगरपालिकेतली नवी नोकरी गोड वाटते आहे. काम जुन्या वास्तूंच्या नोंदी करायचं. सुरुवात निजामाच्या काळच्या जकात कचेरीपासून, आणि राहायला तिचीच माडी! माझ्या लेकीला, तनुजाला, यंदाच नाव लिहिता यायला लागलंय. भिंत, उशीचा अभ्रा, काही सोडत नाही. या वहीच्या पहिल्या पानावरही वाकडंतिकडं ‘तनुजा’ आहे. ते पाहून हसू आलं आणि रडूही. शनिवारी घरी जायचंच.

५ नोव्हेंबर
कचेरीचं वारसा रजिस्टर उघडलं. सुतळीला पेन बांधलेलं. नियम कडक: यादीतल्या वास्तूत जे आहे ते जसंच्या तसं राहील, बदल फक्त नोंदीने. सातवा रकाना ‘राहणारे’, तो राहणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचा. तिथे रखवालदार खाजामियाँचं नाव होतं, पुढे ऐंशी वर्षांपूर्वीची तारीख. कारकुनाची चूक असणार. म्हातारा खाजामियाँ म्हणाला, बाई, आता इथं तुम्हीच राहून राहिल्या, मग तुमचंच नाव टाका की वो. मी टाकलं. त्याचे डोळे भरून आले. चहासुद्धा न घेता बसस्टँडकडे पळाला.

८ नोव्हेंबर
घरी जाताना लातूरला एसटीतून उतरले. पाय टेकला तो माडीवरच. तिकीट मुठीत. परत गेले. परत माडीवर. तीनदा.

११ नोव्हेंबर
काल फुटलेली काच आज अखंड. कापलेली नखं होती तेवढी. माझं नाव खोडलं की रेघ पुसली जाते. दुसऱ्या कुणी आपल्या हाताने लिहिलं तरच सुटका— खाजामियाँ, मला का फसवलंत? मी कुणाला फसवू? नाही. कुणालाच नाही.

१३ नोव्हेंबर
फोनवर तनु रडत होती. शिवकुमारना विनवलं, तिला इथे आणू नका. म्हणाले, लई झालं आता, उद्या पोरीला घेऊन येतो आणि तुला घरी नेतो. नवऱ्याला हे कसं पटवायचं?

१४ नोव्हेंबर
दोघं दाराबाहेर. मी आतून कडी लावलीय. रजिस्टर फटीतून बाहेर सरकवलं— नगरपालिकेत द्या म्हटलं, ही कचेरीच यादीतून काढायला सांगा— ते म्हणाले, आधी कडी तोडायला माणूस आणतो. तनुला पायरीवर बसवून उतरले.

रजिस्टर नेलं ना?

बाहेर पेनाची सुतळी घासतेय—

तनु, हात लावू नको—

आई, मी बघ लिहिलं, म्हणते—

मी पायरीवर आहे. ऊन आहे. समोर रस्ता. क्षणभर, देवा, मला बरं वाटलं.

आत ती रडतेय. कडी हाताला पोचत नाही म्हणते. रजिस्टरही आतच. तनु, फटीतून सरकव, बाळा. हं, तसंच—

लिहिलं. माझं नाव. मी आत, ती बाहेर. कडी काढून दार उघडलं, गळ्याला मिठी— माझा हात आत ओढला जातोय— शिवकुमार, वही पायरीवर टाकते. तिला घेऊन थेट एसटीत बसा. मला भेटायला तिला इथे पुन्हा कधी