कोंबड्यांवरचा आळ आणि ह्यांचा कोट

धाकटे,

तुला थोरलीचे भरभरून आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. पाकीट फार सुरेख होतं. पत्ता ठसठशीत, तिकीट सरळ, डिंक सगळीकडून घट्ट. आत पत्र तेवढं नव्हतं. सुनेनं पाकीट झटकलं, खिडकीशी उजेडात धरलं, शेवटी कात्रीनं कडा कापून टेबलावर अंथरलं, तरी पत्र नाही ते नाहीच. आपल्या दोघींत शाळेत घातलं ते तुला, मला नाही. त्या शिक्षणाचा काय उपयोग झाला ते आता कळलं. मला लिहिता येत नाही म्हणून मी पत्र लिहीत नाही, आणि तुला येतं तर तू रिकामं पाठवतेस. हिशेब सारखाच.

तरी तू काय लिहिलं असशील ते मला न वाचता ठाऊक आहे. तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, बिस्किटं आवडली का. तर तब्येत बरी आहे. उजवा गुडघा डाव्याशी बोलत नाही, पण चालताना दोघं येतात बरोबर. आणि तुझ्या हातची बिस्किटं घरात सगळ्यांना फार म्हणजे फार आवडली, डबा कधी रिकामा झाला ते कळलंसुद्धा नाही. (मावशी, मी फक्त त्या सांगतात ते लिहून घेते आहे. – सून)

आत्ता मी गप्प होते आणि हिचा हात चालूच होता, म्हणजे हिनं मध्ये काहीतरी स्वतःचं घातलेलं आहे. मला अक्षर ओळखता येत नसलं तरी लबाडी ओळखता येते. मी लांबलचक बोलले आणि ओळ आखूड पडली की मी लगेच विचारते, बाकीचं कुठं गेलं. काल तिनं अख्खी एक कागाळी गाळली होती, ती मी पुन्हा घालायला लावली. मग कागाळी तिच्याचबद्दल होती असं तिनं वाचून दाखवलं, तेव्हा काढायला लावली. असा आमचा पत्रव्यवहार. तुझ्या साहेबांना नमस्कार सांग, पण जरा लांबून. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी त्यांनी घसा खाकरला की दूधवाला अजून सरळ उभा राहतो म्हणतात. देव त्यांचा दरारा असाच ठेवो. त्या दराऱ्याशी मला काम आहे, पुढं सांगते.

आता इथली हकिकत. तुला आमच्या शेताची कल्पना आहे. शेत म्हणायचं आपलं मोठेपणासाठी. मागच्या दारातून पाय टाकला की सुरू होतं आणि जांभई संपायच्या आत विहिरीशी संपतं. एका बाजूला गोठ्यात म्हैस, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांचं खुराडं, मध्ये वाफे. घरात माणसं चारच, हे, मी, पोरगा आणि सून. बाकीची लोकसंख्या पिसांची. कोंबड्या सुनेच्या. पिलं असताना तिनं त्यांना चुलीजवळ माझ्या चपलांच्या खोक्यात वाढवलं (चपला तेव्हापासून सापडलेल्या नाहीत), आणि आता अंडी बेकरीवाल्याला देते, तेव्हा घरात तिचं स्वतःचं असं काही असेल तर त्या कोंबड्या. त्यांत एक कोंबडा आहे, त्याला आम्ही जावई म्हणतो. काम काही करत नाही, जेवायला पहिला असतो आणि सकाळी उगाच सगळ्यांना उठवतो. (आपल्या खऱ्या जावयांना हे कळता कामा नये. ते इथे आले की आम्ही त्याला नुसतं कोंबडा म्हणतो.)

या खेपेला पोरानं वाटाणा पेरला. कोंब असे लुसलुशीत आले की म्हशीनं गोठ्यातून मान काढून बघावं. आणि एका सकाळी बघतो तर अर्धा वाफा साफ. दुसऱ्या दिवशी शेजारचा. पोरगा हल्ली शेती मोबाईलमध्ये बघून करतो, त्यानं उकिडवं बसून, मातीत नाक घालून तपास केला, नख्यांचे ठसे शोधून काढले आणि निकाल दिला, कोंबड्या. सून म्हणाली, ठसे पाखरांचे आहेत. तो म्हणाला, आपल्या शेतात एवढी पाखरं येतातच कशाला, त्यांना काय आमंत्रण आहे? आणि ह्यांनी तर कोटाच्या खिशात हात घालून, मान हलवत साक्षच दिली की कोंबड्याच, आपण डोळ्यांनी पाहिलंय. ह्यांचे डोळे तुला माहीत आहेत. परवा भिंतीवरच्या कॅलेंडरला ह्यांनी ‘या, बसा’ म्हटलं. पण बापाची साक्ष पडली आणि पोरगा म्हणाला, कोंबड्यावाल्याला बोलावतो, सगळ्या उचलून नेऊ दे.

त्या दिवसापासून नवरा-बायकोचं बोलणं बंद. एकाच टेबलावर जेवायचं आणि बोलायचं माझ्यामार्फत. आई, त्यांना सांगा, मीठ त्यांच्या कोपराशी आहे. आई, तिला सांग, मला दिसतंय. मी मध्ये बसलेली टपाल कचेरी. घास तोंडात असला तरी निरोप थांबता कामा नये. एकदा मी कंटाळून निरोपात थोडी भर घातली, त्याच्या तोंडी दोन गोड शब्द घातले, तर सुनेला लगेच संशय आला. म्हणाली, हे त्यांचं बोलणं नाही. दहा वर्षांच्या संसाराचं हे फळ. (आठ. – सून)

कोंबड्यावाला बाजाराच्या दिवशी यायचा होता. तोवर कोंबड्या बाहेर पडू नयेत म्हणून पोरगा खुराड्याचं दार दुरुस्त करायला निघाला. तुला त्याचा आकार माहीत आहे, आपल्या वडिलांवर गेलाय, म्हणजे समोरून कपाट आणि बाजूनंही कपाट. श्वास रोखून आत शिरला, आतून खिळे ठोकले, दार ओढून बघितलं, आणि बाहेरची कडी आपोआप पडली. दुरुस्ती उत्तम झाली होती. मग आतून हाका. मी कपडे वाळत घालत होते. मला वाटलं, रेडिओ लागलाय. सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून वांगी चिरत होती, तिथून खुराडं पाच पावलांवर आहे. मी जाऊन बघते तो पोरगा गुडघ्यांत डोकं घालून बसलेला आणि जावई त्याच्या डोक्यावर. जावई डोक्यावर बसतात असं आपण नुसतं ऐकत आलो, मी पहिल्यांदा पाहिलं. मी सुनेला विचारलं, तुला ऐकू आलं नाही का ग? वांग्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “आलं ना. पण आमचं बोलणं बंद आहे, आई.”

मला ती पोरगी त्या क्षणी जी आवडली म्हणून सांगू. (हे मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. – सून) मी कडी काढली नाही. जाळीशी स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, बाहेर यायचं तर आधी तडजोड. आतल्यानं पुष्कळ आढेवेढे घेतले, पण जावयानं जागा बदलून खांद्यावर नखं रोवली तेव्हा पटकन मऊ पडला. ठरलं असं, की शेवटचं राहिलेलं बियाणं पेरायचं, कोंब आले की ते वाचावेत म्हणून वाफ्यात एक चांगलं बुजगावणं उभं करायचं, आणि तोवर कोंबड्या कोंडून ठेवायच्या, कोंबड्यावाल्याला थांबवायचं. पाखरं आलेली, निदान बिचकून परत फिरलेली दिसली, तर कोंबड्या निर्दोष. एकही पाखरू फिरकलं नाही, तर पाखरांची गोष्टच खोटी, आणि कोंबड्यावाला.

काही दिवसांनी कोंब वर आले, तेव्हा सुनेनं ते बुजगावणं असं मन लावून केलं की मी आजारी पडले तर माझं एवढं करेल की नाही शंका आहे. वासे बांधले, पोटाला उशी, डोक्याला फुटका माठ. ह्यांची जुनी टोपी चढवली. आता अंगात काही हवं. ह्यांना लेकीनं नवा कोट पाठवून वर्ष झालं, तो कपाटात लटकतोय, आणि हे तोच जुना घालून हिंडतात, ज्याला कोपर नाही, कॉलर नाही, आणि एक खिसा पोत्याएवढा लोंबतो. तो मागितला तर ह्यांनी असा आकांत मांडला की जणू आम्ही मूत्रपिंड मागतोय. म्हणाले, त्या कोटात ऊब आहे. म्हणाले, त्याला माझी सवय आहे. शेवटी म्हणाले, मीच वाफ्यात उभा राहतो, पण कोटाला हात लावू नका. आम्ही माना डोलावल्या, आणि हे अंघोळीला गेल्यावर सुनेनं कोट काढून बुजगावण्याला घातला. खरं सांगते, लांबून मलासुद्धा हेच वाटले. मी खिडकीतून चहाला हाक मारली. आले नाहीत, तेव्हाही संशय आला नाही. हेही येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर सून मला हाताला धरून मागच्या दारात घेऊन गेली. धाकटे, काय सांगू. बुजगावणं दिसतच नव्हतं, नुसती पाखरं दिसत होती. टोपीवर, खांद्यांवर, दोन्ही हातांवर ओळीनं, जशी काही लग्नात फोटोला बसलीत. घाबरणं सोडाच, काही पाखरं कोटाची बटणं ओढून बघत होती. आणि त्या लोंबत्या खिशात एक साळुंकी डोकं खुपसून उतरली होती, तिची नुसती शेपटी बाहेर, आणि खाली वाट बघणाऱ्यांची चिवचिव. मग जागा न मिळालेल्या पाखरांनी वाट बघायचं सोडून नवीन उगवलेले कोंब चाखायला घेतले. न्याहारीला उशीर झाला की आपणही ताटातली काकडी उचलतो तसं.

तेवढ्यात हे बंडीवरच बाहेर आले. एकदम सगळा थवा बुजगावणं सोडून ह्यांच्याकडे वळला. पायांशी, पायरीवर, एक टकलावर. पोरगा दारात दात घासत उभा होता, त्याच्या तोंडातून ब्रश पडला. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही तर कोंबड्या म्हणाला होतात.”

“मग काय स्वतःचं नाव सांगू?” हे म्हणाले. आणि मग हळू आवाजात, टकलावरच्या पाखराला धक्का लागू नये अशा बेतानं, “कोट दे माझा. त्यांना वाटतंय मी तिथं उभा आहे आणि देत नाहीये.”

तर असं. रोज सकाळी ह्यांची फेरी वाफ्यांच्या कडेनं, खिशातला चुरा टाकत टाकत, आणि पाखरं मागोमाग. आमचे वाटाण्याचे कोंब हे वर तोंडी लावणं. कोंबड्या त्याच दिवशी सुटल्या. सुनेनं अट घातली की बाबांनी खुराड्याशी जाऊन माफी मागायची. ह्यांनी घसा साफ केला, इकडंतिकडं पाहिलं आणि जावयाला म्हणाले, झालं गेलं मनावर घेऊ नका. जावयानं पाठ फिरवली. नवरा-बायको बोलायला लागले, इतकं की मला आता टेबलावर एक शब्द बोलायला फट मिळत नाही, म्हणून हे पत्र. कोट ह्यांना परत दिला. नवा कोट बुजगावण्यानं घालावा असं ठरत होतं, पण लेकीला काय सांगायचं यावर अडलं.

आता थांबते. सुनेचा हात दुखतोय असं ती म्हणते. खाली चहाच्या कपाचं गोल उमटलं आहे ते माझ्या सहीच्या जागी समज. दोन गोल असतील तर दुसरं ह्यांचं, तेही इथेच बसलेत आणि आपलं चांगलं लिहिलंय का विचारताहेत.

तुझी थोरली

ता. क. – कामाचं राहिलं. पोरानं बेकरीवाल्याकडून उसनं बियाणं आणून आणखी एकदा पेरलंय. तो म्हणतो, हीही पेरणी गेली तर कोंबड्यांना पोसायचं कशावर, आणि मग कोंबड्यावाल्याला बोलवावंच लागेल. त्यात त्याचं काही चूक नाही. म्हणून बुजगावण्यासाठी तुझ्या साहेबांचा कोट पाठव. तो काळा, नोकरीतला. त्यांना विचारू नकोस, अंघोळीला जाऊ दे. धुवू नकोस, दरारा निघून जाईल.

आणखी ता. क. – मावशी, हे माझं. कोट पुरणार नाही. पाखरांना दुसरीकडे खायला मिळालं तरच ती वाफे सोडतील, म्हणून बाबा आता त्यांना पार विहिरीपलीकडे नेऊन बसतात. आम्ही पाव टाकून पाहिला, भात टाकला, शेंगदाणे टाकले. एकानंही चोच लावली नाही, सगळी परत वाटाण्यावर. खिशात काय असायचं ते आई तुम्हाला लाजून सांगत नाहीत. – सून

शेवटची ता. क. – तिनं सांगितलं वाटतं. बरं, ऐक. ती बिस्किटं फार आवडली म्हणाले ते खोटं नाही, फक्त कोणाला ते सांगितलं नव्हतं. पोराचा दात हलला, म्हशीनं हुंगून मान फिरवली, तेव्हापासून मीच रोज सकाळी ह्यांच्या खिशात टाकत होते, आणि हे बिचारे माझं मन राखायला विहिरीवरच्या दगडानं फोडून खाल्ल्यासारखं करत होते. तर लगेच मोठा डबा भरून बिस्किटं पाठव. नेहमीसारखीच कर, लोणी वाढवून सुधारायला जाऊ नकोस. साखर विसरलीस तरी चालेल. आणि झाकण लावण्याआधी डब्यात बिस्किटं आहेत ना, ते एकदा आत डोकावून बघ.