मळ्याचा पूर्वेकडचा कोपरा

३ फेब्रुवारी २००४, हॅनोव्हर

आतापर्यंत या दोन हातांनी — इथल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी सिमेंट कारखान्याचं मॉडेल, दारं उघडमीट होणारा कालवा, क्रेनसकट बंदराचा धक्का, वसुधाचा पोळपाट आणि या घरातलं प्रत्येक कपाट. डिप्लोमा एकही नाही! महाराष्ट्र मंडळातले इंजिनिअर विचारतात, "पद्माकरराव, शिकलात कुठे?" म्हणतो, बोटं कापून घेत.

आज नवं काम आलं, एका जर्मन गृहस्थांचं. हेर डीकहोफ. आजोबांनी ग्वाटेमालात कॉफीचा मळा लावला, त्याला शंभर वर्षं होतायत. कुटुंबाच्या समारंभासाठी अख्खा डोंगरउतार हवा, एकास हजार प्रमाणात. अडतीस सालचा नकाशा आणि फोटो देऊन म्हणाले, "मळा कायम जसा होता तसा." कायम! ज्याचं माप घेता येत नाही असा शब्द.

११ फेब्रुवारी

प्लायवूडचे थर कापून झाले. दुकानातलं तयार हिरवं गवत मी वापरत नाही. लाकडाचा भुसा चाळून, रंगवून कॉफीची झुडपं केली. वसुधा डोकावली — "अहो, पालक निवडायला बसलात का?" हसलो नाही.

१९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ इकाल आमचं पार्सल द्यायला तळघरातल्या माझ्या कामाच्या खोलीत आल्या आणि मॉडेलपाशी थबकल्या. म्हणाल्या, "ओढा इथून नाही, आणखी खालून जातो." डोकंच फिरलं. भिंग घेऊन फोटो पाहिला — बाई बरोबर! जन्मच त्या मळ्यावरचा.

मग स्टुलावर बसून बोलल्या. महायुद्धात तिथल्या सरकारनं जर्मनांचे मळे ताब्यात घेतले. पुढे सुधारणावाल्यांचं सरकार आलं, त्यांनी कायदा केला — कसणाऱ्याला जमीन. त्रेपन्न साली वडिलांना पूर्वेकडच्या कोपऱ्यात तुकडा मिळाला. मका लावला. चोपन्नच्या जूनमध्ये अमेरिकेचा पैसा, अमेरिकेची विमानं — लष्करानं सरकार उलथवलं. मळ्याची माणसं बंदुका घेऊन आली आणि जमीन परत गेली. पुढे मळासुद्धा डीकहोफांकडे परत.

"एकच पीक घरात आलं," म्हणाल्या.

हेर डीकहोफ यातलं काही बोलले नव्हते.

२६ फेब्रुवारी

तो कोपरा मॉडेलमध्ये घेणार. नकाशात नाही, म्हणून फ्राऊ इकाल यांना रोज संध्याकाळी बोलावतो. छप्पर कशाचं? पानांचं. दार कुठल्या दिशेला? ओढ्याकडे. कुंपण? नव्हतं. वडील गोळी लागून कुठे पडले?

त्या स्टुलावरून उठल्या. पुन्हा विचारलं. वसुधा दारातून म्हणाली, "पुरे हो आता!" पण जागा कळल्याशिवाय काम पुढे कसं जाणार? शेवटी बोट ठेवलं — ओढ्याच्या अलीकडे, मक्याच्या दुसऱ्या ओळीत. खात्रीसाठी ते परत ठेवायला लावलं.

८ मार्च

कोपरा पूर्ण. इतकं बारीक काम मी आजवर केलेलं नाही. दुसऱ्या ओळीत माणसाएवढ्या जागेत मका आडवा झालेला — नुसत्या डोळ्यांना दिसायचाही नाही. त्यांना लगेच दिसला. "आई असती तर..." म्हणाल्या आणि झोपडीकडे हात नेला.

म्हटलं, हात लावू नका, अजून वाळलेलं नाही.

१७ मार्च

हेर डीकहोफ येऊन पाहून गेले. "ही झोपडी कसली?" सांगितलं.

"हे बघा, हेर बिडकर, चोर होते ते. आमच्या जमिनीवर बसलेले."

"पण होते ना? होते, तर राहतील. मी काढणार नाही!"

दार आपटून गेले. वसुधानं न मागता चहा आणून दिला. बऱ्याच वर्षांनी.

१८ मार्च

काढणार नाही म्हणजे नाही.

२२ मार्च

त्यांचा फोन. आवाज शांत. "नकाशा कुठल्या सालचा?" अडतीसचा. "फोटो?" अडतीसचे. "मॉडेलखालच्या पितळेच्या पाटीवर तुम्ही काय कोरलंत?" एकोणीसशे अडतीस. "मग त्रेपन्नची झोपडी त्यात कुठून आली? मी तर ऐकलं होतं, तुमचं काम अचूक असतं."

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. बरोबर आहे माणसाचं! एका मॉडेलात दोन सालं — ही तर शिकाऊ पोराची चूक. आणि ती माझ्या हातून!

२३ मार्च

बारीक करवतीनं कोपरा कापून काढला. नवे थर चिकटवले, कॉफी लावली. सांधा भिंगातूनही सापडत नाही.

वसुधा — "त्या बाईंना काय सांगणार?"

"साल चुकलं होतं."

"अहो, माणूस मेलाय तिथे."

"अडतीसमध्ये नाही मेला."

तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही.

२५ मार्च

मॉडेल गेलं. हेर डीकहोफांनी पूर्वेच्या बाजूवरून तळवा फिरवला, "गेनाऊ!" — अगदी अचूक — म्हणाले, माझा हात दोन्ही हातांत घेतला.

जिन्यात फ्राऊ इकाल भेटल्या. हमालांना थांबवून वाकून पाहिलं. बराच वेळ. मग मला — "आम्ही कुठे आहोत?"

"हे अडतीस साल आहे," म्हटलं. "तुमचा तेव्हा जन्मही नव्हता."

हमाल खोळंबले होते. बाजूला व्हा म्हणावं लागलं.

२७ मार्च

फ्राऊ इकाल तळघरात आल्या होत्या. कापून काढलेला तो तळहाताएवढा तुकडा विकत मागत होत्या. चुकलेलं काम मी कुणाला देत नाही, म्हणून सांगितलं. घरात होते नव्हते तेवढे सगळे, चारशे साठ युरो, द्यायला तयार होत्या.