निकेशच्या आईचं नाव

दिवेआगर, गुरुवार

प्रिय मृणाली,

रविवारी तू गाडी घेऊन येणार आणि आईला कायमची पनवेलला नेणार, हे निकेशदादाकडून कळलं. तो उद्या ट्रक घेऊन तिकडे निघतोय, म्हणून हे बंद पाकीट त्याच्याच हाती देतेय. फोन करायला दहा वेळा नंबर काढला आणि दहाही वेळा कच खाल्ली. ‘तू होतीस म्हणून आई वाचली’ हा तुझा मेसेज अजून उत्तराशिवाय पडलाय. शाळेत बाईंना उलट बोलणारी मी, पण तुला चार ओळी लिहायला मला आठवडा लागला.

दवाखान्यातल्या नोकरीचा तो माझा तिसरा आठवडा. अजून शिकाऊच, नलू सिस्टरच्या मागे मागे फिरायचं, त्या सांगतील ते करायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, सुई टोचण्याआधी पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव सांगायला लाव, मग केसपेपर बघ. नुसता खाटेचा नंबर बघून औषध देशील तर एक दिवस रडशील. मी मान डोलावली. अनोळखी माणसांना नाव विचारायला मला काहीच वाटायचं नाही.

त्या दिवशी जेवणाआधी चार नंबरच्या खाटेला इन्सुलिन द्यायचं होतं. पेपरवर नाव गोदूबाई. नलू सिस्टर शेजारच्या खोलीत अडकल्या होत्या, थांब म्हणाल्या, पण मी थांबले नाही. जाऊन बघते तर खाटेवर तुझी आई! सकाळीच उलट्या होतात म्हणून दाखल झालेली. तिला जन्मभर ‘निकेशची आई’ म्हणूनच ओळखलं, सगळी आळी तसंच म्हणते. मनात आलं, अगंबाई, काकीचं नाव गोदूबाई होय! तुझ्या मार्कशीटवर तिचं नाव असायचं, पण मी फक्त मार्क बघितले. जिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन वाढले, तिला ‘तुमचं नाव सांगा’ म्हणायची मला लाज वाटली. तिनेही दंड पुढे केला. ‘टोच गो पोरी, घाबरतेस काय,’ म्हणाली.

खरी गोदूबाई कोपऱ्यातल्या सहा नंबरवर होती. नव्या आलेल्या बाईला उकडतंय, म्हणून तिने आपली पंख्याखालची खाट देऊन टाकली होती. आपल्याकडची माणसं असल्या गोष्टी कुणाला विचारून करतात का!

काकी सकाळपासून उपाशी होती. अर्ध्या तासात घामाने भिजली, हात थरथरायला लागले, मला मृणाली मृणाली म्हणून हाका मारायला लागली. साखर एक्केचाळीस. माझ्याकडून चुकलं, असं मी ओरडूनच नलू सिस्टरना सांगितलं. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांत ती भानावर आली. आणि पहिलं काय म्हणाली माहितीये? ‘ही पोर बघा कशी कापते, तिला पानी द्या.’ मृणाली, मी ते पाणी प्यायले गं.

डॉक्टरांनी निकेशदादाला एवढंच सांगितलं की साखर उतरली होती, आता धोका नाही. मी तिथेच सलाइनची बाटली धरून उभी होते. मी माझ्या अक्षरात चूक लिहून दिली. नलू सिस्टरनी विचारलं, घरच्यांना तू सांगतेस की मी सांगू? मी सांगेन म्हणाले. त्याला आज आठ दिवस झाले.

काल तुमच्या घरावरून गेले तर काकी भिंत धरून चालत होती. ‘आता माझा भरवसा न्हाय गो, कधीपन पडेन,’ म्हणाली. वादळात वाडी आडवी झाल्यावर तिने लावलेल्या पोफळींना यंदा पहिल्यांदाच सुपारी धरलीय, आणि ती वाडी दुसऱ्याला कसायला द्यायला निघालीय. मृणाली, तिला काही झालेलं नाही. तिची साखर आपोआप उतरली नाही, मी उतरवली. आधी तिला सांगितलं असतं, तर मला वाचवायला तिने तोंडातून अवाक्षर काढलं नसतं आणि मुकाट तुझ्या गाडीत बसली असती. म्हणून आधी तुला लिहिलं. शनिवारी तिलाही सांगणार आहे. तू रविवारी ये, माझ्याशी बोलू नकोस, हवं तर माझी तक्रार कर. पण काकीला नेऊ नकोस.

तू म्हणशील तोवर तुझीच,
प्राप्ती