डाव्या शिंगाचा प्रश्न

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: खरेदी बंद. आता फक्त चित्रकला. रोज एक बोकड.
माणसाने आयुष्यभर गोळाच करत राहायचं का? कधीतरी निर्माणही करायला हवं. हे वाक्य अंघोळ करताना सुचलं. अंघोळ टबाबाहेर उभ्यानेच केली, कारण टबात सध्या कोर्नी बोकडाचं चित्र असलेले पत्र्याचे डबे आहेत.
संकल्प गिलेनला सांगितला. तिने विचारलं, म्हणजे टब रिकामा होणार? मी म्हटलं, खरेदी बंद म्हणालो, विसर्जन नाही म्हणालो. बायकोने नवऱ्याचं नीट ऐकावं एवढीच अपेक्षा असते.

५ जानेवारी
बोकड काढला नाही. पेन्सिल बरोबर नव्हती.

६ जानेवारी
पेन्सिल आणायला गेलो. वाटेत नदीकाठी जुना बाजार भरला होता. कोर्नीचं गजराचं घड्याळ, एका फडक्यात गुंडाळलेलं, तुटक्या टोस्टरशेजारी पडलेलं. घेतलं. याला खरेदी म्हणता येणार नाही. सुटका म्हणावी लागेल.
पेन्सिल राहिली.

१० जानेवारी
आमच्या चष्म्याच्या दुकानात नवीन मुलगी लागली आहे, काउंटरवर. तिने माझ्या कॉफीच्या मगावरचा बोकड बघून विचारलं, हा कोण? मला खाली बसावं लागलं. कोर्नी माहीत नाही! आणि म्हणे इथलीच, नामूर शहरातली.
तिला सगळं सांगितलं. आमच्या लहानपणी दर रविवारी, जेवणं झाली की टीव्हीवर कोर्नी. फायर ब्रिगेडमधला बोकड. डोक्यावर पितळी हेल्मेट, ऐटीत डावीकडे कललेलं, उजवं शिंग तेवढं बाहेर. आग लागली की सर्वांत आधी पोचणार आणि शिडीवर चढून भाषण सुरू करणार. भाषण संपेपर्यंत शेजारीपाजारी बादल्या आणून आग विझवून मोकळे. मग हा छाती फुगवून मेडल घ्यायला पुढे.
मुलगी म्हणाली, म्हणजे त्याने एकदाही आग विझवली नाही? मी म्हटलं, तुला कळायचं नाही. या पिढीला नायक कशाला म्हणतात हेच माहीत नाही.

१९ जानेवारी
आज कोर्नी-प्रेमी मंडळाची बैठक. मी चिटणीस. अध्यक्ष डॉ. कोलार. निवृत्त दंतवैद्य. अध्यक्ष का, तर त्यांचं घर मोठं आणि त्यांची बायको साखरेचा टार्ट चांगला करते. बाकी लायकी शून्य. कोलारही बोकड काढतात. त्यांच्या बोकडाचे दात उत्तम असतात. पुढे काही नाही.
पण बातमी मोठी. मे महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन. प्रमुख पाहुण्या मादाम ऑर्तांस, म्हणजे ज्यांनी कोर्नी काढला त्या! मला वाटलं होतं कधीच गेल्या. दिनां गावच्या वृद्धाश्रमात आहेत, नव्वदीला आल्या, तब्येत ठणठणीत. त्या प्रदर्शनातला एक बोकड निवडतील, आणि ज्याचा बोकड त्याने तो आमच्या चौकातल्या फायर स्टेशनच्या भिंतीवर रंगवायचा. पूर्ण भिंत! नगरपालिकेची मंजुरी आली आहे.
ती भिंत आमच्या दुकानातून समोर दिसते. हा योगायोग नाही.
घरी येऊन गिलेनला सांगितलं, भिंत मिळाली. ती म्हणाली, कोणाला? मी म्हटलं, जवळजवळ मलाच.

३ फेब्रुवारी
स्टुडिओ हवा. मागच्या खोलीत उत्तरेचा उजेड येतो, चित्रकारांना तोच लागतो. तिथे गिलेनचं शिलाई मशीन होतं, ते पॅसेजमध्ये आणलं. तिथेही दिवा आहे. लोकांचे पडदे आणि पँटी तर शिवायच्या, त्याला उत्तरेचा उजेड कशाला?
ती संध्याकाळी आली, मशीनकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, काही बोलली नाही. पटलेलं दिसतं.

१६ फेब्रुवारी
माझी कल्पना धाडसी आहे. कोर्नीने हेल्मेट काढून हातात घेतलंय. दोन्ही शिंगं दिसतायत. पन्नास वर्षांत कोणी पाहिलं नाही असं दृश्य! मादाम ऑर्तांसना रडू फुटेल.
उजवं शिंग सुरेख येतं. डावं केळ्यासारखं येतं.

२३ फेब्रुवारी
डावं शिंग. अजून केळंच.
गिलेन धुतलेले कपडे घेऊन जाताना दारात थांबली. म्हणाली, अरे, हा भाषण करतोय असं वाटत नाही, बस चुकल्यासारखा उभा आहे. आणि हेल्मेट घाल त्याला, उघडा वाटतो. कला न शिकलेल्या माणसाचं मत. मी स्वतः दोन हिवाळे बुधवारच्या क्लासला गेलो आहे, म्हणून शांत राहू शकलो.

९ मार्च
लीएजच्या लिलावात कोर्नीचं अस्सल चित्र आलं! पारदर्शक शीटवर, खुद्द स्टुडिओत रंगवलेलं, फिल्मसाठी वापरलेलं. घेतलं. हीसुद्धा खरेदी नव्हे. अभ्यास-साहित्य. डावीकडची बाजू नीट अभ्यासता येईल म्हणून घेतलं. घरी आल्यावर पाहिलं तर यातही हेल्मेट आहे.
लग्नाच्या वाढदिवसाला ओस्टेंडला जायचं होतं, समुद्रासमोरचं हॉटेल वगैरे. ते आता या वर्षी जमणार नाही. गिलेनला समजावून सांगितलं की समुद्र कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षीही असेल. ती म्हणाली, हो, समुद्र असेल.
समजूतदार आहे.

१४ मार्च
गिलेन ओस्टेंडला गेली. एकटी. तिच्या मैत्रिणीकडे राहणार. कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघू. मोठी सूटकेस नेली. समुद्रकिनारी वारा असतो, कपडे जास्त लागतात.
कलावंताला एकांत हवाच असतो. आता कामाला वेग येईल.

१७ मार्च
फ्राइज खाल्ले. शिंग काढलं नाही.

२१ मार्च
बॉयलर बंद. त्याला एका विशिष्ट ठिकाणी थापटावं लागतं, ते ठिकाण गिलेनला माहीत आहे. फोन करून विचारणार होतो, पण मग तिला वाटेल की मला तिच्याशिवाय जमत नाही. ओव्हरकोट घालून चित्र काढलं. थंडीमुळे हात थरथरला, त्यामुळे आज शिंगाला वेगळाच जिवंतपणा आला. नंतर पाहिलं, केळंच होतं, फक्त थरथरणारं.
फ्राइज.

२६ मार्च
शेवटी मीच फोन केला. बॉयलरसाठीच. गिलेन हसत होती. मैत्रीणही मागे हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, तुझीच आठवण काढत होतो. बरं वाटलं. दुरावल्यावर माणसाची किंमत कळते.
बॉयलरबद्दल विचारायचं राहिलं.

२ एप्रिल
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. एका बाईच्या चष्म्याच्या नंबरच्या कागदामागे मी शिंगं काढली होती आणि तो कागद मी घरी घेऊन गेलो, त्यामुळे बाईंना तिसऱ्याच कोणाच्या काचा लागल्या. त्या जिन्यावरून घसरल्या. सुदैवाने शेवटच्या पायरीवर. मालक म्हणाले, एव्हरार, तू घरी नीट आहेस ना रे? मी म्हटलं, सर्जनाचा काळ आहे. ते म्हणाले, माझीही बायको गेली होती, मला माहीत आहे. त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय.

८ एप्रिल, सकाळी
टब रिकामा केला. कोणाच्या सांगण्यावरून नाही. डबे पुसायचे होते. मग रिकामा आहेच तर पाणी भरून बसलो. पाणी गारच, बॉयलर तसाच आहे.
घर अचानक मोठं वाटायला लागलंय. कलावंतांना असं होतंच. शिलाई मशीन पॅसेजमधून परत मागच्या खोलीत नेलं. पॅसेजमध्ये मला अडखळायला होत होतं, एवढंच कारण.

२० एप्रिल
गिलेन आली.
दुपारच्या गाडीने. आल्या आल्या बॉयलरला थापट मारली, चालू झाला. टब पाहिला. मागची खोली पाहिली. मग लीकची पात घालून सूप केलं. मी दोन वाट्या प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं ते वाफेमुळे.
तिला सांगितलं, प्रदर्शनात माझ्या संग्रहाला अख्खं टेबल मिळालंय, आणि प्रत्येक वस्तूपुढे ठेवायला चिठ्ठ्या हव्यात, काय, कुठली, कधीची. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. ती म्हणाली, लिहिते की, माझ्या डोक्यात बरंच काही आहे. मी म्हटलं, डोक्यातलं नको, मी सांगतो तेवढं लिही.

१० मे
उद्या प्रदर्शन. चित्र झालं! डावं शिंग थोडं सावलीत टाकलं. सावली ही मोठी गोष्ट आहे.
चिठ्ठ्या आत्ता पाहिल्या. अक्षर ठीक. पण प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तिने पेनाने काहीबाही काढून ठेवलंय. छोटे छोटे बोकड. एक बॉयलरपुढे भाषण करतोय. एक टबातल्या डब्यांवर पहारा देत उभ्याने अंघोळ करतोय. एक तुटक्या टोस्टरशेजारच्या घड्याळाला वाचवून छाती पुढे काढून चाललाय. मी म्हटलं, अगं हे काय, गंभीर प्रदर्शन आहे. ती म्हणाली, मग नको ठेवू. आता रात्रीतून नवीन कोण लिहिणार? ठेवाव्याच लागतील. बारीक आहेत, कोणाचं लक्ष जाणार नाही.

११ मे
मादाम ऑर्तांस आल्या. इवलीशी बाई, जाड चष्मा (फ्रेम जुनी, नाकावर घसरते, मी जागेवरच बसवून दिली). हातात काठी. कोलारांनी स्वागताचं भाषण केलं. फार लांबलं. नंतर मी केलं.
त्या आधी कोलारांच्या बोकडापुढे थांबल्या. म्हणाल्या, दात छान आहेत. कोलार उजळले. मग माझ्यापुढे. बराच वेळ बघत होत्या. मी हृदयावर हात ठेवून उभा. म्हणाल्या, हेल्मेट का काढलंत हो याचं? मी सांगितलं, पन्नास वर्षांत कोणी न पाहिलेलं डावं शिंग जगासमोर आणायचं होतं. त्या म्हणाल्या, अहो, मला डावं शिंग कधी जमलंच नाही, म्हणून तर हेल्मेट तिकडे कलतं ठेवलं!
आणि पुढे गेल्या.
याचा अर्थ, जे त्यांना जमलं नाही त्याला मी हात घातला. असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं.
मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. कॉफीचा मग, अस्सल चित्र, यातलं काहीच बघेनात. वाकून चिठ्ठ्या वाचायला लागल्या. पहिली वाचली आणि हसल्या. दुसरी वाचली आणि काठी सुटली हातातून. बॉयलरवाल्या चिठ्ठीला तर टेबल धरून उभ्या राहिल्या, डोळे पुसतायत, श्वास लागलाय, वृद्धाश्रमाची नर्स पाणी घेऊन धावली. हॉलमधले सगळे गोळा झाले. सगळे चिठ्ठ्या वाचायला लागले. सगळे चिठ्ठीकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग पुन्हा चिठ्ठीकडे.
मादाम ऑर्तांसनी विचारलं, हे कोणी काढलं? मी पुढे होऊन म्हटलं, संग्रह माझा आहे. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे, तुम्ही तर या चित्रांतच आहात. काढलं कोणी?
गिलेन मागे कॉफी ओतत होती. तिला हाताला धरून आणलं. त्या म्हणाल्या, पोरी, कुठे शिकलीस? गिलेन म्हणाली, कुठे नाही, ओस्टेंडला पाऊस होता, बाहेर जाता येईना, मैत्रिणीला घरच्या गमती सांगता सांगता काढत बसले. मादाम ऑर्तांस म्हणाल्या, मीही अशीच सुरुवात केली. आमचे हे होते ना, रेल्वेत साहेब होते. घरात नळ गळला तरी भाषण. तीस वर्षं डोळ्यांसमोर हिंडत होते, हात बसणार नाही तर काय?
म्हणजे कोर्नी. माझा कोर्नी. नळ गळल्यावर भाषण करणारा रेल्वेतला साहेब.
भिंत गिलेनला मिळाली.
कोलार माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चला, घरातच राहिली. त्यांना एवढे दात दाखवून हसायची काही गरज नव्हती.

१२ मे
काही लिहिण्यासारखं नाही.

१५ मे
गिलेनने विचारलं, रागावलास? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, मग तीन दिवस ओव्हरकोट घालून का बसलायस, बॉयलर चालू आहे. मी विचारलं, मी खरंच असा आहे का? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं उत्तर देतेय. ती नाकाचं माप घेत होती.
मग म्हणाली, असा नसतास तर मी ओस्टेंडलाच राहिले नसते का?
मी उठून ओव्हरकोट काढला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

४ जून
भिंतीचं काम सुरू. गिलेन परांचीवर, म्हणजे त्या शिडीच्या फळीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला. खालून मार्गदर्शन करत होतो. फायर ब्रिगेडवाले म्हणाले, साहेब, बाजूला उभे राहा, गाडी काढायची आहे. खरी आग लागली होती कुठेतरी.
दुपारी तिने वरून ओरडून सांगितलं, आता हनुवटी वर कर आणि हलू नकोस. अर्धा तास हललो नाही. आपल्याशिवाय काम अडलं असतं, हे समाधान आहे.

२९ जून
भिंत पूर्ण. उद्घाटनाला मेयर आले, मादाम ऑर्तांस व्हीलचेअरवर आल्या, बँड होता. गिलेनने निळा ड्रेस घातला होता, स्वतः शिवलेला. तिला बोलायला सांगितलं तर दोन शब्द बोलून खाली बसली. मी माइककडे निघालो होतो. तिने माझा कोट धरून ठेवला.
भिंतीवरचं चित्र चांगलं आहे. हे मी तटस्थपणे लिहितो. कोणाशी साम्य वगैरे मला काही वाटत नाही.

७ जुलै
दुकानात एक वयस्कर बाई आल्या, शहरात नवीन. डोळे तपासून झाले. खिडकीजवळ उभं करून मी ट्रायलची फ्रेम चढवली आणि काचा बदलत गेलो. म्हटलं, समोर लांब कुठेतरी बघा आणि सांगा. पहिल्या काचेने सगळं धूसर. दुसरीने बरं. तिसरी घातली तशा त्या म्हणाल्या, अरे वा, आता अगदी स्वच्छ. फायर स्टेशनच्या भिंतीकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. मग परत भिंतीकडे.
म्हणाल्या, अय्या, हे तुम्हीच ना?
मी काच काढून घेतली आणि म्हटलं, बाई, नंबर अजून बसलेला नाही.