गाडी घेताना विचारायचा हक्क सिएनीला

आणि बाबा, व्हॅनचा गिअरबॉक्स समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गेला, हे तुमचं म्हणणं मला आजही मान्य नाही. वारा तीन महिन्यांत एवढं खात नाही. हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं.

मी, आउकुसो लेआवासा, वय चोवीस, शाळा आठवीत सोडलेली, राहणार सावाईई बेट, सामोआ. सध्या ऑस्ट्रेलियात बंडाबर्गला रताळ्याच्या शेतावर मजुरीला. तीन वर्षांतलं हे चौथं शेत. पाय एका जागी टिकत नाहीत. पण डोकं ठिकाणावर आहे आणि कुणी दम दिलेला नाही. खोलीतला पेनी गेल्या साली ट्रॅक्टरखाली गेला. पैसे कुणाला द्यायचे हे त्याने लिहिलं नव्हतं, म्हणून त्याच्या आईला अजून मिळाले नाहीत. म्हणून हा मृत्युपत्राचा कागद.

एक. युकुलेली चुलतभाऊ तावितला. त्याने ती दोनदा चोरली होती, आता उघडपणे वाजवू दे.

दोन. इथली माझी जुनी गाडी खोलीतल्या पोरांची. ती शोरूमची नाही, रस्त्याकडेच्या ट्रानबाईंच्या जुन्या गाड्यांच्या आवारातून घेतलेली आहे. बाई म्हणाल्या, "तुझ्या मेकॅनिकला दाखवून आण, मग पैसे दे." तेव्हा खासगी विक्रेते सगळेच लबाड, असं मी म्हणत नाही.

तीन. बँकेतली सगळी शिल्लक आईच्या गाडीला. रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा इस्पितळात जायचं, आणि परतीच्या बसची वाट बघत बाकावर झोपायचं, हे आता पुरे.

गाडी घ्यायची कुठून, यावरच आपलं भांडण. तुम्हाला धक्क्याजवळचं, आपल्या चर्चच्या डीकन फाआउईंचं आवार हवं, जिथून ती व्हॅन घेतली होती: निम्मी किंमत, हव्या त्या बनावटीची गाडी. मला राजधानीतलं, आपियातलं कंपनीचं अधिकृत शोरूम हवं: महाग, सर्व्हिसिंगला बोटीने जायचं, पण वॉरंटी कागदावर आणि पार्ट खरे. फोनवर तुम्ही म्हणालात, "ज्याच्याबरोबर रविवारी प्रार्थना करतो, त्याच्याकडे कागद मागू?"

"मग व्हॅन तरी परत करायची!"

"तोंड सांभाळ. त्याच्या लेकीचं लग्न होतं."

त्या लग्नाला तुम्ही आहेर म्हणून घरातली सर्वात जुनी, मानाची बारीक विणीची चटई आणि एक डुक्कर नेलंत. तेही बसने, कारण त्याचीच व्हॅन बंद! आई मागून म्हणाली, "डुकराचं तिकीट काढलं होतं का, विचार त्यांना." तुम्हीसुद्धा हसलात.

बाबा, आई पहिल्यांदा कोसळली तेव्हा डीकननेच तिला स्वतःच्या गाडीतून नेलं, हे मी विसरलेलो नाही. तुमची जीभ का अडते ते कळतं मला. शोरूममध्ये आपलं कुणी नाही, एवढ्यासाठीच मला ते बरं वाटतं. परक्याला विचारायला लाज नसते.

चार. तरी निकाल मी देत नाही. आपल्यात भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही, आणि बापही नाही. म्हणून विचारायचा हक्क मी बहीण सिएनीला देतो. तिने दोन्हीकडे जावं. आधीचा मालक कोण? पार्ट कुठून येतील? बिघडली तर कोण करून देणार, आणि ते लिहून देता का? आपला मेकॅनिक तपासेल, चालेल? हे ऐकून जो चिडणार नाही, त्याच्याकडून घ्यावी. डीकन चिडले नाहीत, तर त्यांच्याकडूनच घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. बाबांनी तोवर बाहेर कोको पीत बसावं.

पाच. पैसे देण्याआधी आईला गाडीत बसवून बघा. पाय न दुखता चढला पाहिजे.

सहा. व्हॅनचा राग कुणालाही वारशाने देत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

साक्षीदार: फेतू सागापोलू, स्वयंपाकी. मालो तुइआली, मुकादम.
सही: आउकुसो लेआवासा
बंडाबर्ग, १४ ऑगस्ट

ता. क. सही करताना फेतूकाका म्हणाले, "कलम तीन तू मेल्यावर लागू होणार. तू तर घोड्यासारखा धडधाकट. तुझी आई तेवढी थांबेल का रे, शहाण्या?" म्हणून कलम तीन मी खोडलं आहे. सिएनी, या शनिवारीच निघ. बँकेत होतं तेवढं सगळं आज तुझ्या नावावर पाठवतोय: अठ्ठावीस हजार चारशे तला.